दिघीत एक किलो किती जड?

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात टॉर्क रेंच तपासून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. नट किती जोराने आवळला गेला हे दाखवणारा हा पाना मोटारीच्या जुळणीत हरघडी लागतो, आणि ठरावीक मुदतीने तो तपासून घ्यावा लागतो. पाना तपासणारे यंत्र तर त्याहून बारकाईने तपासतात. पद्धत साधी आहे. एक मीटर लांबीची आडवी दांडी घ्यायची आणि तिच्या टोकाला प्रमाणित वजने टांगायची. दहा किलोचे वजन टांगले तर पीळ किती पडला? वस्तुमानाला गुरुत्व त्वरणाने गुणायचे, मग दांडीच्या लांबीने. प्रश्न एवढाच की गुरुत्व त्वरणाच्या जागी आकडा कोणता घालायचा.

जगभर प्रमाण म्हणून ठरवलेला आकडा आहे ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग. तो घातला तर उत्तर येते ९८.०७ न्यूटन-मीटर. दिघी-भोसरीत त्या दांडीवर प्रत्यक्षात पडणारा पीळ मात्र ९७.८४ च्या आसपास असतो, कारण इथले गुरुत्व त्वरण ९.७८४ च्या जवळपास आहे. फरक पाव टक्क्याहून किंचित कमी. कामगाराच्या हातातल्या पान्याला चार टक्क्यांपर्यंतची चूक माफ असते, तेव्हा त्याचे काही बिघडत नाही. पण जे यंत्र शेकडा एक-दशांशाच्या अचूकतेची हमी देते, त्याला पाव टक्का परवडत नाही. दाब मोजणारे डेड वेट टेस्टर हे उपकरणही असेच आहे. प्रमाण गुरुत्वासाठी १०० बारची खूण असलेली वजने दिघीत ठेवली तर दाब तयार होतो ९९.७७ बारचा. म्हणून अशा प्रमाणपत्रांवर ‘स्थानिक गुरुत्व त्वरण’ असा एक रकाना असतो. दिसायला तो अगदी किरकोळ आहे. पण त्यात अख्ख्या पृथ्वीचे फिरणे नोंदलेले असते, आणि म्हणूनच हा लेख त्या रकान्यावर आहे.

शाळेत आपण हा आकडा ९.८ असा पाठ करतो. एका दशांश स्थळापर्यंत ते बरोबरच आहे. मात्र दुसरे स्थळ विचारले, तर ९.८० हे मूल्य महाराष्ट्रात कुठेच सापडत नाही, आणि भारतातही नाही. समुद्रसपाटीला ते मिळायला उत्तरेकडे साधारण ३८ अंशांपर्यंत जावे लागते. आपण विषुववृत्ताच्या जवळचे लोक आहोत आणि पृथ्वी आपल्याला ध्रुवाकडच्या लोकांपेक्षा वेगाने फिरवते, हे त्याचे मुख्य कारण.

दिघी सुमारे १८.६ उत्तर अक्षांशावर आहे. मॅगझिन चौकात सिग्नलला थांबलेला माणूस त्या वेळी सेकंदाला ४४१ मीटर वेगाने पूर्वेकडे चाललेला असतो, म्हणजे ताशी जवळजवळ १,५९० किलोमीटर. एका फेरीत तो सुमारे ३८,००० किलोमीटर घेराचे वर्तुळ पुरे करतो. चौक, सिग्नल, हवा, डोंगर हे सगळे त्याच वेगाने सोबत असल्यामुळे वेग जाणवत नाही. जाणवायला हवे ते वळण, आणि ते वजनकाट्याला जाणवते.

नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलावर गाडी जरा वेगात असली, की चढ संपून उतार लागतो त्या क्षणी पोटात हलके वाटते. रस्ता खाली वळतो, गाडीला सरळ जायचे असते. तिला रस्त्याबरोबर खाली वळवण्याचे काम पृथ्वीच्या ओढीतला काही भाग करतो. तेवढा भाग तिथे खर्ची पडला की आसनावर दाबायला उरते ते कमी. पृथ्वीचा पृष्ठभागही असाच उंचवटा आहे, फक्त त्याची त्रिज्या हजारो किलोमीटर आहे आणि त्याचा उतार कधी संपत नाही. आपण जन्मभर त्या माथ्यावरून चाललेलो असतो.

यातली एक गोष्ट नीट समजून घ्यावी. फिरण्यामुळे पृथ्वीची ओढ कमी होत नाही. दिघीत ती ओढ सुमारे ९.८१४ आहे. तिच्यातले सुमारे ०.०३० आपल्याला वर्तुळात वळवण्यात जाते आणि उरलेले ९.७८४ काट्यावर दिसते. वर्तुळात ठेवण्यासाठी लागणाऱ्या या बलाला पाठ्यपुस्तकात अभिकेंद्री बल म्हणतात. फिरणाऱ्या पृथ्वीवर उभे राहून पाहणाऱ्याला तेच बाहेर ढकलणारे अपकेंद्री बल वाटते. दोन्ही हिशोबांतून उत्तर एकच येते. सत्तर किलोच्या माणसाला दिघीत फिरण्यामुळे मिळणारी सूट साधारण २२० ग्रॅम आहे. विषुववृत्तावर ती २४० ग्रॅमच्या वर जाते. ध्रुवावर शून्य, कारण तिथे माणूस जागच्या जागी गिरकी घेतो, वर्तुळ फिरत नाही.

अक्षांश वाढतो तशी ही सूट झपाट्याने घटते, आणि त्याला कारणे दोन आहेत. एक म्हणजे वर्तुळ लहान होते. दुसरे कारण जरा सूक्ष्म आहे. बाहेर ढकलणारे बल पृथ्वीच्या केंद्रापासून दूर जात नाही, ते तिच्या अक्षापासून दूर जाते. दिघीत अक्षापासून दूर ही दिशा सरळ वर नाही, ती दक्षिणेकडे कललेली आहे. म्हणून या बलाचा मोठा भाग आपल्याला उचलतो आणि एक लहान भाग जमिनीला समांतर, दक्षिणेकडे ढकलतो.

त्या लहान भागाचे काय होते हे पाहायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला सोडलेली ती दोरी पृथ्वीच्या केंद्राकडे बोट दाखवते असे आपण धरून चालतो. तसे नसते. दिघीत सोडलेला ओळंबा मनाने खाली वाढवत नेला, तर तो केंद्राला सुमारे १३ किलोमीटरने चुकवून बाजूने जातो. कोनात हा फरक सुमारे सात कला आहे, म्हणजे अंशाचा नववा-आठवा भाग. यातला जवळजवळ अर्धा वाटा फिरण्याचा थेट परिणाम आहे, आणि उरलेला पृथ्वीच्या फुगलेल्या आकाराचा, जो आकार पुन्हा फिरण्यामुळेच आला. भिंत मात्र तरीही सरळच असते, कारण इंद्रायणीचे संथ पाणी, पाणसळीतला बुडबुडा आणि दिघीची जमीन हे सारे त्याच कललेल्या दिशेला काटकोनात बसलेले आहेत. आपण ज्याला ‘खाली’ म्हणतो ती दिशा ओढ आणि फिरणे या दोघांनी मिळून ठरवलेली आहे.

पृथ्वी फिरते हे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये लिहिले. त्यावर पुढे वराहमिहिराने हरकत घेतली, की पृथ्वी फिरत असती तर आकाशात गेलेल्या पक्ष्यांना आपली घरटी पुन्हा सापडली नसती. हा प्रश्न वाजवी होता, आणि त्याला नेमके उत्तर द्यायला आणखी हजारावर वर्षे लागली. वस्तू पृथ्वीबरोबरच चालत असतात हा उत्तराचा अर्धा भाग. दुसरा अर्धा भाग एका अपूर्णांकात आहे. विषुववृत्तावर, जिथे फिरण्याचा जोर सर्वांत जास्त, तिथेही बाहेर ढकलणारे बल ओढीच्या १/२८९ एवढेच आहे. हा हिशोब न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त मांडला.

न्यूटनच्या हाती तेव्हा एका घड्याळाची तक्रार आलेली होती. झाँ रिशे हा फ्रेंच खगोलनिरीक्षक १६७२ साली दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या केयेन इथे गेला. केयेन विषुववृत्तापासून पाच अंशांवर आहे. पॅरिसमध्ये अचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. ते वेळेवर आणायला त्याला लंबक जवळपास तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. गुरुत्व कमी झाले की लंबक मंद झोके घेतो, आणि केयेनला गुरुत्व कमी होते. लंडनमध्ये लावलेले लंबकाचे घड्याळ पुण्यात आणले तर तेही रोज साधारण दोन मिनिटे मागे पडेल.

रिशेच्या घड्याळाचा मागे पडण्याचा वेग नुसत्या फिरण्याने पूर्ण भरून निघत नाही. फिरणारी पृथ्वी मधोमध फुगली असली पाहिजे, विषुववृत्तावरचा माणूस केंद्रापासून जास्त लांब असला पाहिजे, तेव्हाच हिशोब जुळतो. आज आपल्याला माहीत आहे की विषुववृत्ताकडे पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडे ६,३५७ किलोमीटर आहे. गुरुत्व त्वरण समुद्रसपाटीला विषुववृत्तावर ९.७८० आणि ध्रुवावर ९.८३२. या ०.०५२ च्या फरकातले ०.०३४ फिरण्याचे थेट, आणि उरलेले आकारामुळे.

मला या कहाणीतला पुढचा भाग फार मोलाचा वाटतो. पृथ्वी आतून सगळीकडे सारख्याच घनतेची आहे असे धरून न्यूटनने चपटेपणा, म्हणजे या दोन त्रिज्यांतला फरक भागिले मोठी त्रिज्या, काढला १/२३०. त्याच्या समकालीन हॉयगेन्सने ओढ जणू सगळी केंद्रातूनच येते असे धरले आणि त्याला मिळाले १/५७८. खरे मूल्य आहे १/२९८, म्हणजे दोघांच्या मधले. याचा अर्थ असा, की पृथ्वीचे पोट एकसारखे नाही, जड माल केंद्राकडे गोळा झालेला आहे, पण तो सगळाच तिथे नाही. कोणी खाली उतरून पाहिले नव्हते. पृथ्वी किती वेगाने फिरते आणि किती फुगली आहे, एवढ्यावरून तिच्या आत काय असावे याचा हा पहिला अंदाज.

चपटेपणा मोजायचा तर दोन अक्षांशांवर एक अंश किती लांब आहे हे प्रत्यक्ष जमिनीवर मोजावे लागते. विषुववृत्ताजवळ तो सुमारे ११०.६ किलोमीटर आणि ध्रुवाजवळ १११.७. फ्रेंचांनी १७३० च्या दशकात यासाठी एक तुकडी लॅपलंडला आणि दुसरी पेरूकडे पाठवली, आणि पृथ्वी ध्रुवाकडे चपटी आहे हा निकाल लागला. पुढचे मोठे मोजमाप भारतात झाले आणि त्याचा एक महत्त्वाचा टप्पा विदर्भात आहे.

विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. सरकारला नकाशे हवे होते. लॅम्बटनला त्याबरोबर पृथ्वीचा आकार हवा होता, आणि त्यासाठी त्याने ७८ रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर मोजणीची एक लांबच लांब साखळी उभी केली. तीच पुढे ग्रेट आर्क म्हणून ओळखली गेली. कोन मोजणारे थिओडोलाइट डोंगरमाथ्यावर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवत ही मोजणी वर्षानुवर्षे उत्तरेकडे सरकत राहिली. नागपूरकडे निघालेला लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला मुक्कामात वारला. त्याचे थडगे तिथेच आहे. पृथ्वी फिरताना किती फुगली हे शोधणारा माणूस कापसाच्या त्या बाजारगावात विसावला आहे, ही गोष्ट महाराष्ट्राच्या शाळांत सांगायला हवी असे मला मनापासून वाटते. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीसाठी जो आकार ठरवला त्याचा चपटेपणा १/३००.८ होता. आजच्या उपग्रहांच्या उत्तरापासून तो एक टक्क्याच्याही आत आहे.

जमीन न मोजताही हा आकार काढता येतो हे क्लेरो या फ्रेंच गणितीने १७४३ सालीच दाखवले होते. ठिकठिकाणी गुरुत्व किती आहे ते लंबकाने मोजा, पृथ्वीच्या फिरण्याचा वेग घ्या, चपटेपणा आपोआप मिळतो. त्या आधारावर भारतीय सर्वेक्षणात जेम्स बसेवीने १८६५ पासून लंबक घेऊन देशभर मोजणी केली. एवढ्या बारीक फरकांसाठी लंबकाचे झोके तापमान आणि हवेचा दाब सांभाळून दिवसेंदिवस मोजावे लागत. लडाखच्या पठारावर सुमारे सतरा हजार फुटांवर हेच काम करताना १८७१ साली त्याचा मृत्यू झाला.

आता चाकणच्या बाजाराकडे येऊ. कांद्याच्या गाड्या भुईकाट्यावर चढतात तेव्हा काटा खरे तर बल मोजतो आणि आकडा किलोत दाखवतो. पारड्यांच्या तराजूला गुरुत्वाशी देणेघेणे नसते, कारण दोन्ही पारड्यांवर ते सारखेच चालते आणि फरक कटून जातो. इलेक्ट्रॉनिक काट्यातला लोड सेल मात्र दाबाने होणारी धातूची सूक्ष्म विकृती वाचतो, आणि दाब जागेवर अवलंबून. बर्लिनशेजारच्या पॉट्सडॅमला गुरुत्व त्वरण ९.८१३ च्या जवळ आहे. तिथे जुळवलेला काटा न बदलता दिघीत ठेवला, तर दहा किलोच्या वस्तूला तो सुमारे २९ ग्रॅम कमी दाखवेल. वीस टनांच्या मालावर ही तूट ५८ किलोंची होते. या तुटीतला साठ टक्क्यांच्या आसपासचा वाटा थेट फिरण्याचा आहे, बाकीचा पृथ्वीच्या आकाराचा आणि दिघीच्या उंचीचा. म्हणूनच काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित वजने ठेवून जुळवतात, आणि वैध मापन शास्त्र विभागाचे निरीक्षकही तो त्याच जागी तपासून मुद्रांकन करतात. शेतकऱ्याचे माप चोख राहते ते यामुळे.

महाराष्ट्राच्या आत हे फरक लहान आहेत, पण हिशोबात ते चुकत नाहीत. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिघीवरून पुण्याला जाते आणि पुढे पंढरपूर गाठते. पंढरपूर दिघीपेक्षा जवळजवळ एक अंशाने दक्षिणेला आहे. साठ किलोच्या वारकऱ्याचे वजन अक्षांशाच्या या बदलाने तीन ग्रॅमने घटते. पंढरपूर उंचीने खालीही आहे, तेव्हा त्यातले निम्मे भरून येते. आजची गुरुत्वमापके याहून कितीतरी बारीक फरक सहज टिपतात.

दिघीशेजारच्या लोहगावहून उडालेल्या विमानात हा परिणाम ठळक होतो, कारण तिथे आपण पृथ्वीच्या वेगात स्वतःचा वेग मिळवतो किंवा वजा करतो. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. पूर्वेकडे जाणाऱ्या प्रवाशाचा अक्षाभोवतीचा वेग ४४१ वरून ६९१ होतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याचा १९१ वर येतो. उंचीमुळे होणारी घट बाजूला ठेवली तर सत्तर किलोचा माणूस पूर्वेकडे जाताना सुमारे ३२० ग्रॅमने हलका होतो आणि पश्चिमेकडे जाताना सुमारे १८० ग्रॅमने जड. समुद्रात जहाजावरून गुरुत्व मोजताना जहाजाच्या वेगाने पडणाऱ्या या फरकाची दुरुस्ती केली नाही, तर तळाखालच्या खडकांचे चित्रच खोटे निघते. जहाजांच्या मोजणीतली ही गफलत हंगेरीच्या लोरांड एटव्हशने ओळखली, म्हणून ती दुरुस्ती त्याच्या नावाने ओळखली जाते.

दिघीच्या डोंगराचा काळा कातळ दख्खनच्या लाव्ह्याचा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि दिवस सुमारे साडेतेवीस तासांचा होता. चंद्राच्या भरती-ओहोटीने पृथ्वीचे फिरणे हळूहळू मंदावते आहे. दिवस अर्ध्या तासाने लहान, म्हणजे बाहेर ढकलणारा जोर आजच्यापेक्षा चार टक्क्यांनी जास्त. त्यानंतर हा कातळ उत्तरेकडे सरकत विषुववृत्त ओलांडून इथे आला. त्या ओलांडणीच्या काळात फिरण्याने मिळणारी सूट त्याच्यासाठी सर्वांत जास्त होती.

पृथ्वी याहून वेगाने फिरली तर? १/२८९ या अपूर्णांकातच उत्तर आहे. वेग सतरा पट झाला की जोर सतरा गुणिले सतरा, म्हणजे २८९ पट होतो. विषुववृत्तावरचा काटा शून्य दाखवेल. दिवस तेव्हा सुमारे ८४ मिनिटांचा असेल. पृथ्वीला अगदी लगटून फिरणाऱ्या उपग्रहाला एका फेरीला लागणारा वेळही हाच. हे जुळणे स्वाभाविक आहे, कारण वजन शून्य झालेला विषुववृत्तावरचा दगड म्हणजे उपग्रहच.

या हिशोबातून एक विलक्षण गोष्ट हाती लागते. फिरणारा गोळा विषुववृत्तावर सुटू लागण्याचा वेग मांडताना त्रिज्या आणि वस्तुमान एकत्र येऊन त्यांच्यातून फक्त घनता उरते. गोळा डोंगराएवढा असो की ताऱ्याएवढा, घनता सारखी तर फेरीचा किमान वेळ सारखा. शनी पाण्याहूनही विरळ आहे, त्याची मर्यादा जवळपास चार तासांची. तो साडेदहा तासांत फिरतो, म्हणजे मर्यादेच्या बराच जवळ आहे, आणि म्हणूनच साध्या दुर्बिणीतूनही तो चपटा दिसतो. त्याच्या ढगांच्या पातळीला गुरुत्व विषुववृत्तावर ९ च्या आसपास आणि ध्रुवाकडे १२ च्या वर आहे. आपल्याकडे पाव-अर्ध्या टक्क्याची असलेली गोष्ट तिथे एक तृतीयांशावर जाते.

लघुग्रहांच्या बाबतीत ही मर्यादा आकाशात लिहिल्यासारखी स्पष्ट दिसते. शेदोनशे मीटरांहून मोठ्या लघुग्रहांचे फिरण्याचे वेळ मांडले, तर २.२ तासांच्या अलीकडे जवळजवळ कोणीच सापडत नाही. दगडी घनतेला हाच आकडा येतो. त्याचा निष्कर्ष असा, की यातले बहुतेक लघुग्रह अखंड कातळ नाहीत, ते गुरुत्वाने जेमतेम धरलेले दगडगोट्यांचे ढीग आहेत. मर्यादा ओलांडणाऱ्या ढिगाचे दगड विषुववृत्तावरून सुटून जातात. २०२२ साली नासाच्या डार्ट यानाने ज्या जोडीतल्या लहान लघुग्रहाला धडक दिली, त्या जोडीतला मोठा डिडिमॉस २.२६ तासांत फिरतो, अगदी त्या कडेवर.

दिघीहून मोशीला आणि तिथून पुणे-नाशिक महामार्गाने चाकण, राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावला गेले की जवळच खोडद आहे. तिथे आणि आसपास पसरलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना म्हणजे गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी दुर्बीण. तिच्या मुख्य कामांपैकी एक म्हणजे पल्सार. ठरावीक ठेक्यात रेडिओ स्पंद पाठवणारे हे तारे १९६७ साली सापडले तेव्हा ते आहेत काय, श्वेत बटू की न्यूट्रॉन तारे, हा वाद होता. १९६८ मध्ये क्रॅब तेजोमेघातला पल्सार सापडला, ३३ मिलिसेकंदांना एक फेरी घेणारा. मग हाच घनतेचा नियम लावला गेला. श्वेत बटू एवढ्या वेगाने फिरला तर विषुववृत्तावर फाटून जाईल. ३३ मिलिसेकंदांत फिरूनही टिकणाऱ्या वस्तूची घनता निदान एका घन सेंटीमीटरमध्ये तेरा कोटी किलो एवढी हवी. एवढी घनता फक्त न्यूट्रॉन ताऱ्यात असू शकते. ज्या हिशोबाने दिघीतल्या माणसाच्या वजनातले २२० ग्रॅम काढले, त्यानेच न्यूट्रॉन तारे प्रत्यक्षात आहेत हे ठरले.

जीएमआरटीने शोधलेला पहिला पल्सार २००४ मध्ये जाहीर झाला. एनजीसी १८५१ या तारकागुच्छातला हा तारा ४.९९ मिलिसेकंदांत एक फेरी पुरी करतो, म्हणजे सेकंदाला दोनशे. न्यूट्रॉन ताऱ्यासाठी नेहमी धरतात ते आकडे घ्या, सूर्याच्या १.४ पट वस्तुमान आणि सुमारे १२ किलोमीटर त्रिज्या. पृष्ठभागावरचे गुरुत्व दिघीच्या तेरा हजार कोटी पट येते. विषुववृत्ताचा वेग सेकंदाला पंधरा हजार किलोमीटर. तरीही न्यूटनच्या साध्या हिशोबाने फिरण्यामुळे घटणारे वजन फक्त दीड टक्का, कारण ओढच तशी प्रचंड आहे. आजवरचा सर्वांत वेगवान पल्सार सेकंदाला ७१६ फेऱ्या घेतो. त्याच्या विषुववृत्तावर ही घट पाचव्या हिश्शाच्या आसपास जाते.

या ७१६ च्या पुढचा तारा शोधणे चालू आहे, आणि नव्या यंत्रणेने सजलेली जीएमआरटीही पल्सार शोधते आहे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटातले द्रव्य दाबाखाली कसे वागते हे कोणत्याही प्रयोगशाळेत करून पाहता येत नाही. त्याविषयी निरनिराळी प्रारूपे आहेत आणि प्रत्येक प्रारूप ताऱ्याची वेगळी त्रिज्या सांगते. मोठी त्रिज्या म्हणजे कमी घनता, आणि कमी घनता म्हणजे फिरण्याच्या वेगाची कमाल मर्यादा कमी. सेकंदाला हजाराहून बऱ्याच जास्त फेऱ्या घेणारा एकच तारा सापडला, तर जी प्रारूपे तारा फुगीर सांगतात ती एका झटक्यात बाद होतील. आज एक त्रिज्या ठामपणे धरता येत नाही, म्हणून वरच्या हिशोबात मी १२ किलोमीटरच्या आधी ‘सुमारे’ लिहिले आहे. असा तारा सापडला तर त्या शब्दातली ढिलाई बरीच कमी होईल.